इथे माझ्याशी कोणी भांडत नाही

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे कुणकेश्वरला, माझ्या सासरी, प्रितेशच्या घरी. दारातून समुद्र दिसतो. मे महिन्यात गोव्याला माझ्या मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीत तारेचं वेटोळं भरलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं: फुगा मोठा, तोंड रुंद, त्यात एकदा फुटलेला, तार दबून तो पुन्हा भरू शकतो. पण गेल्या आठवड्यातली अँजिओग्राफी स्वच्छ आली. रिपोर्ट प्रितेशच घेऊन आला. सासूबाईंनी बांगड्याचं तिखलं केलं होतं, दोनदा मागून घेतलं. मी साताऱ्याची, तोंडाने फटकळ. मालवणी माणसंही तशीच, तेव्हा माझं इथे छान जमणार.

८ नोव्हेंबर
कसलं जमतंय. मासळीवाल्या आनंदीबाई साऱ्या वाडीला शिव्या घालतात आणि माझ्याशी साखर. आज मुद्दाम म्हटलं, पापलेट कालचं आहे. ताजं फडफडीत होतं. तर म्हणतात कशा, होय गो बाय, तुजा खरा. सासूबाईंची लोणच्याची बरणी माझ्या हातून फुटली, तर त्याच म्हणाल्या, माझाच चुकला. मला हे आवडत नाही.

१३ नोव्हेंबर
डोकं ठणकतं. प्रितेश रोज बीपी मोजतो आणि सांगतो, एकशेवीस-ऐंशी. रोज तेच कसं येईल? आज मशीन माझ्याकडे वळवलं. एकशे अठ्ठ्याऐंशी होतं. म्हणाला, मशीन बिघडलंय. मी वाट्टेल ते बोलले. तो हसत ऐकून घेत राहिला. असा नव्हता हा.

१६ नोव्हेंबर
गोव्याला डॉक्टरांना मीच फोन लावला. तेच चक्रावले. फुगा तोंडापाशी पुन्हा भरलाय, लगेच उपचार करा, असं त्यांनी प्रितेशला तेव्हाच सांगितलं होतं. आठवड्याने त्यांच्याकडे उपचाराला नकाराचा कागद पोचला. त्यावर माझी सही आहे.
मी सही केलेली नाही.

१७ नोव्हेंबर
आनंदीबाईंना धरून विचारलं. रडत रडत बोलल्या. आम्ही येण्याआधीच सासूबाईंनी देवीला कौल लावला होता. ऑपरेशनला डावा कौल, म्हणजे नकार. सारी वाडी होती तिथे, मी सोडून. तिथेच ठरलं, हिला सांगायचं नाही, हिच्याशी वाद घालायचा नाही, डोकं तापलं तर फुटेल.
प्रितेशला सहीचं विचारलं. म्हणतो, प्रेमापोटी केलं. माझा जीव, आणि मलाच विचारलं नाही. मेल्याने.

१८ नोव्हेंबर, सकाळ
गाडी बोलावलीय. डॉक्टर म्हणाले, आजच या. प्रितेश फाटकात उभा — पुन्हा कौल लावू, तोवर थांब म्हणतो. मी थांबणार नाही —

थोड्या वेळाने
प्रितेशने गाडी परत पाठवली. मी ओरडत होते तरी — सगळे अंगणात जमलेत. होय गो, जा हां, उद्या जा. सगळे मान डोलावतात —
भांडा ना कोणीतरी —

मानेत कळ. गरम. उजवी पापणी उघडत नाही —
प्रितेश पाणी घेऊन. हसतोय अजून —
कोणी वाचलं तर — त्या कागदावरची सही माझी नव्ह