पाच डबे समुद्र

१३ फेब्रुवारी १९८३, रविवार

पाणी आलं! प्लॅस्टिकचे पाच डबे, प्रत्येकी वीस लिटर. शाळेतल्या मंदाबाईंचे यजमान मधुकरराव रेल्वेत, ते पासावर दोन खेपा करून मुंबईहून घेऊन आले. वर्धा स्टेशनावर हमालाने विचारलं, बाई, एवढं काय आहे यात? समुद्र, म्हटलं. तो हसला नाही, उलट दोन डबे जास्त सांभाळून उचलले.

वहिनींनी एका डब्याचा वास घेतला आणि पदर नाकाला लावला. आपल्या विहिरीला काय धाड भरली होती, असं काहीतरी पुटपुटल्या. मी डबे भिंतीशी लावले. दादाला जाऊन दोन वर्षं होत आली. घरात आम्ही नणंद-भावजय दोघीच. तो होता तेव्हा निदान त्याच्यामार्फत तरी बोलत होतो.

१४ फेब्रुवारी

नागपूरहून आणलेली काचेची टाकी समोरच्या खोलीत लावली. तीन फूट लांब. लोखंडी चौकटवाली मुद्दाम घेतली नाही, खाऱ्या पाण्याने सहा महिन्यांत गंजते. तळाशी जाळीची पट्टी, वर शिंपल्यांचा चुरा, कोपऱ्यात हवेचा पंप. पंपाचा आवाज डास कानाशी आल्यासारखा. वहिनींनी अंथरूण माजघरात नेलं. बरंच झालं.

२० फेब्रुवारी, रविवार

शाळेचा हायड्रोमीटर घरी आणला. पाण्याचा खारेपणा, म्हणजे घनता, १.०२४. अगदी पुस्तकात आहे तेवढं!

हे वेड गेल्या वर्षी लागलं. नववीच्या मुलींची सहल मुंबईला नेली होती. ओहोटीला खडक उघडे पडले, तर बादलीएवढ्या खळग्यात अख्खा संसार — हिरव्या बटणांसारखे जीव दगडाला चिकटलेले, शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, बोटाएवढे मासे. पंधरा वर्षं मी हे फळ्यावर काढून शिकवत होते. शरम वाटली.

वहीचा नियम — दर रविवारी मोजायचं, दिसेल ते लिहायचं. आकडा जुळवून लिहिणाऱ्या मुलींना मी शून्य देते, स्वतःला सवलत नाही.

६ मार्च

मधुकररावांच्या पुढच्या खेपेला मंडळी आली. बटणांचे दोन दगड, एक खेकडा, एक मासा. माशावर काळे पाच पट्टे. प्रवासात सगळे अर्धमेले झालेले. दिवसभर खुर्ची टाकून बसले. वहिनी दोनदा दारापर्यंत येऊन गेल्या.

७ मार्च

बटणं उघडली! चाळीस मोजली.

२० मार्च, रविवार

मासा सुका झिंगा खाऊ लागला, कुटून दिला की धावत वर येतो. घनता १.०२४.

वहिनींचे भाऊ रूपराव हिंगणघाटहून आले होते. बहिणीने आता आपल्याकडे राहावं, असं त्यांचं पुन्हा म्हणणं. दादाच्या तेराव्यापासून तेच चाललं आहे. वहिनी नेहमीप्रमाणे "पाहू" म्हणाल्या. मी चहा ठेवायला आत गेले. जायचं तर जावं. मला स्वयंपाक येतो, पगार आहे, कोणाची अडचण नाही. ही खोली पूर्ण टाकीला देता येईल.

१० एप्रिल, रविवार

ऊन पेटलं. टाकीचं पाणी बत्तीस अंश. कूलर खिडकीतून काढून टाकीसमोर लावला, बाजूंना ओलं गोणपाट. आता एकोणतीस. वीज जाते तेव्हा पंप बंद, म्हणून नवी युक्ती — जीपची ट्यूब फुगवून ठेवली, तोंडाला बारीक नळी. वीज गेली की ट्यूबमधली हवा दोन तास बुडबुडे देते! मंदाबाई म्हणाल्या, पेटंट घे.

रविवारी थोडं पाणी कमी झालेलं असतं, तेवढं खारं कालवून भरते. जाडं मीठ आणि केमिस्टकडची दोन क्षारं, कृती कॉलेजच्या प्राध्यापकांनी लिहून दिली आहे. एवढ्या कूलरपुढेही पाणी फारसं उतरत नाही. काचेचं झाकण मी घासून नेमकं बसवलं, त्याचा हा गुण.

१७ एप्रिल

१.०२४. वर्धेच्या एप्रिलमध्ये! स्वतःची पाठ थोपटून घेतली, दुसरं कोण थोपटणार.

२१ एप्रिल, गुरुवार

खेकडा मेला. शंखातून अर्धा बाहेर लोंबत होता. एका दगडावरची बटणंही मिटलेली. फार लागलं मनाला. शाळेत सहावीच्या एका मुलीवर उगीच ओरडले.

२३ एप्रिल, शनिवार



पेपरांचं काम लवकर उरकलं, दहालाच घरी आले. दार लोटलेलं. वहिनी टाकीपाशी, झाकण बाजूला, हातात तांब्या — आणि टाकीत पाणी ओतताहेत. साधं पाणी! समुद्राच्या जिवांवर!

मी विचारलं, कधीपासून. त्या म्हणाल्या, होळीपासून. रोज दोन तांबे.

माझी शाळेतली भाषा कुठल्या कुठे गेली.

"तुमीच मारलं त्याले," मी म्हणाले. "तुमाले हे घरात नकोच होतं."

वहिनींनी तांब्या खाली ठेवला. हात पदराला पुसले. म्हणाल्या, "पाणी उतरून राह्यलं होतं, म्हणून टाकत होती." आणि आत गेल्या.

मी मागून आणखीही बोलले. दादाच्या नावावरचं घर आहे म्हणून मी सोसते, इथपर्यंत. ते लिहिलं नाही तर ही वही खोटी ठरेल, म्हणून लिहिते.

२५ एप्रिल

शेजारच्यांकडून रूपरावांना निरोप गेला होता. ते सकाळी आले. वहिनींनी एक ट्रंक, एक वळकटी घेतली. फडताळात डाळ-तांदूळ कुठे आहे ते मला दाखवलं. निघताना टाकीकडे पाहिलं नाही.

खोली मोकळी. झाकण दोऱ्याने बांधून टाकलं, आता कोणी हात लावणार नाही.

१ मे, रविवार

पाणी चार बोटं उतरलं! इतकं कसं? खारं कालवून भरलं. १.०२९. हायड्रोमीटर बिघडला असावा.

८ मे

पुन्हा चार बोटं. भरलं. शाळेतून दुसरा हायड्रोमीटर आणला, तोही १.०३४ दाखवतो. दोन्ही बिघडलेले असू शकत नाहीत.

मासा खालीच बसून आहे. घरात इतकी शांतता आहे की पंपाचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येतो.

१२ मे, गुरुवार

बटणं गळून पडताहेत. दगडाला हात लावला तर बुळबुळीत लागलं. चाळिसातली अकरा उरली.

टाकीच्या काठावर पांढरी खपली धरली आहे. नखाने काढून जिभेवर ठेवली. मीठ.

तशीच जमिनीवर बसले. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते. सातवीचा धडा! दर वर्षी बशीत मिठाचं पाणी उन्हात ठेवून मुलींना दाखवते. वाफ होऊन गेलं ते नुसतं पाणी, आणि मी त्याच्या जागी दर रविवारी खारं भरत होते. मिठावर मीठ.

मग एप्रिलभर १.०२४ कसं राहिलं? झाकणाचा गुण नव्हता. रोज दोन तांबे साधं पाणी पडत होतं म्हणून.

खेकडा बहुधा उन्हानेच गेला. बत्तीस अंश झालं होतं, वहीत माझ्याच हातचं आहे.

१३ मे

टाकीतलं खारं पाणी तांब्या-तांब्याने काढून त्या जागी साधं, एकदम न ओतता, चार दिवसांत घालायचं ठरवलं. पहिला घातला.

१५ मे, रविवार

सकाळच्या बसने हिंगणघाटला गेले. रूपरावांचं घर कापसाच्या जिनिंगच्या मागे, अंगणात सरकी पसरलेली. त्यांच्या घरच्यांनी सरबत दिलं. वहिनी पापड लाटत होत्या. भावाच्या नातवंडांचा गराडा भोवती. मी त्यांच्यासमोर पाटावर बसले आणि सगळं सांगितलं — घनता, वाफ, बशी, सातवीचा धडा. माफ करा, हेही म्हटलं. दोन वाक्यांत म्हणायचं ठरवलं होतं, एकाच वाक्यात उरकलं आणि रडू आलं.

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं साधंच पाणी टाकायचं? त्यांनी लाटणं थांबवलं नाही.

"वरण आटलं तं आपण पाणी टाकतो, नलूबाई. मीठ काऊन टाकू?"

पंधरा वर्षांची नोकरी, आणि हे मला कळू नये!

मग म्हटलं, घरी चला. त्यांनी पोळपाटावरचा पापड पुरा केला. म्हणाल्या, "खेकडा मेला म्हणून नाई वाईट वाटलं मले. बावीस वर्सं त्या घरात राह्यली, अन् तुमी म्हटलं सोसतो."

दुपारच्या बसने परत आले. येताना वहिनींनी पापडांची पुडी दिली, तेवढ्यावर आशा धरावी की धरू नये कळत नाही.

२२ मे

१.०२६. मासा वर आला, दोन कण खाल्ले.

५ जून, रविवार

१.०२४. झाकणाचा दोरा कापला. सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या. काचेवर बाहेरून गंधाची रेघ काढली आहे, पाणी त्या रेघेवर ठेवायचं. एवढी साधी सुधारणा, पण टाकीत आजवर केलेल्या सगळ्या उद्योगांत हीच खरी कामाची. बटणं सात उरली, पैकी तीन उघडतात.

वहिनींना पत्र टाकलं. टाकीचंच लिहिलं, दुसरं काय लिहावं सुचत नाही. माशाचं बरंच लिहिलं. शेवटी, पोळ्याला या.

२६ जून

उत्तर नाही. दुसरं पत्र टाकलं. शाळा सुरू झाली. घरी येते तेव्हा दार कुलूपबंद असतं, याची सवय होत नाही. एकटीचा स्वयंपाक करायचा कंटाळा येतो, दोनदा नुसते पोहे खाल्ले. मला कोणाची अडचण नाही असं मार्चमध्ये लिहिलं होतं. मूर्खासारखं लिहिलं होतं.

१७ जुलै, रविवार

घनता बरोबर, पाणी सत्तावीस अंश, सगळं बरोबर. पण मासा एका अंगावर पोहतो. कल्ल्यांवर पांढरट. प्राध्यापकांना विचारून आले, ते म्हणाले मेमध्ये खाल्लेला मार उशिरा बाहेर पडतो कधी कधी. तिसरं पत्र टाकलं. यातलं काही लिहिलं नाही.

२६ जुलै, मंगळवार

मासा गेला. सकाळी सहाला पाहिला. अंगणात पेरूखाली पुरला.

२९ जुलै, शुक्रवार

वहिनींचं कार्ड! स्वतःच्या हाताने लिहिलेलं, चौथीपर्यंतच्या अक्षरात, वाकड्या ओळी. "तिन्ही पत्रं भेटली. पोळ्याले जमत नाई, भाऊ सोडत नाई. दिवाळीले येतो. तो पाच पट्ट्याचा जेवते का नाई, ते लिहिजा."

लगेच उत्तर टाकलं — जेवतो, दोन्ही वेळा. मग तशीच मंदाबाईंकडे गेले. मधुकररावांना म्हटलं, दिवाळीच्या आत एक मासा आणून द्या, पट्टे पाचच पाहिजेत.