नारळाची जागा

फुलारी गल्ली, पंचवटी
४ मार्च २०२६

चि. किशोर,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. दुकान चालू आहे. कुंभाच्या कामांपायी सगळी पंचवटी खणून ठेवलीय, गिऱ्हाईक फळीवरून तोल सावरत मिसळ खायला येतं. तरी येतं, हे विशेष. मंजुषाचा खोकला गेला का? तुमच्या ओमची बारावीची परीक्षा चालू असेल, पेपरला निघताना हातावर दही-साखर ठेवत जा. तो हसेल, हसू दे.

तुझा मेसेज मिळाला. ‘ताई, न जेवता का गेलीस?’

आधी उत्तरात पित्त झालं होतं असं लिहिलं. मग म्हटलं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू ‘ताई’ म्हणतोस आणि मी विरघळते. लहानपणापासून तुझं हेच भांडवल आहे.

तुझं नवं हॉटेल छान झालंय, हे मनापासून सांगते. दारावर तांब्याच्या अक्षरांत ‘रहाड’. मधोमध काचेखाली तो हौद, त्यात केशरी पाणी, दिवे. पोरी तिथे फोटो काढत होत्या. मिसळ मात्र बाहुलीच्या भातुकलीत शोभेल एवढ्या कुल्हडात, आणि तर्री वेगळी मागायची. नाशकात! अण्णांनी तुझा कान धरला असता.

मग उद्घाटनाचं बोलायला तू माइक घेतलास. पाहुणे बाहेरचे, म्हणून पहिल्यापासून सांगितलंस. रहाड म्हणजे जमिनीखालचा दगडी हौद, पेशव्यांच्या काळापासूनचा. वर्षभर मातीखाली झाकलेला. रंगपंचमीला उघडायचा, पळसाची फुलं उकळून रंग ओतायचा आणि गल्लीने त्यात धप्पा मारायचा, म्हणजे उडी. फुलारी गल्लीच्या रहाडीचा मान आमच्या घराण्याकडे. मानकरी नारळ ठेवेल तिथेच पहिली कुदळ पडते, मध्ये दुसऱ्याने बोलायचं नाही. हे सगळं खरंच आहे. तू बोलतोस छान.

आणि शेवटी म्हणालास, “आमचे अण्णा गेले, आणि रहाडीची जागा त्यांच्याबरोबर गेली. म्हणून ही रहाड मी पुन्हा बांधली.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या टेबलावरच्या बाईंनी डोळे पुसले.

मी तेव्हा उठले, किशोर.

कारण त्याच दिवशी सकाळी मी आपल्या गल्लीतल्या तानुबाईच्या पायरीपाशी उभी होते. तिचं घर टॉवरसाठी पाडलं, पायरी तेवढी राडारोड्यात उरलीय. टॉवरचा पार्किंगचा रॅम्प तिथूनच उतरणार, त्याआधी गॅसची लाइन टाकताहेत. पेठ तालुक्याकडची मजूर माणसं खणत होती. मी त्यांना चहा घेऊन गेले होते. त्यातल्या चंदरची पहार खणकन वाजली. दगड. घडीव, सरळ कडेचा. सांधीतली माती बोटाने काढली, तर बोट केशरी झालं.

मी आनंदाने ओरडलेच. म्हटलं, अरे, ही रहाड! माझ्या भावाला सांगते, त्याला केवढा आनंद होईल!

चंदर कावराबावरा झाला. म्हणाला, “बाई, कोनाला सांगू नका. ते हाटेलवाले सायेब काल येऊन बोलले व्हते. हितं हातभरच खना, खाली पोकळ हाय, दगड लागला तर माती लोटून द्या. माझी पहार जरा खोल गेली.”

मी विचारलं, कोणते हॉटेलवाले? त्याने पाडलेल्या घरापलीकडे, मागच्या रस्त्याकडे बोट केलं. तांब्याची अक्षरं तेव्हा नुकतीच चढत होती.

तरीसुद्धा संध्याकाळी मी आले. ठेवणीतलं लुगडं नेसून आले. वाटलं, चंदरच्या ऐकण्यात चूक झाली असेल. वाटलं, हा माझ्याशी बोलेल, कोपऱ्यात घेऊन सांगेल काहीतरी. तू माइकवर बोललास.

तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस मी रोज आठवते आहे. गल्लीने अर्ज केला होता की रहाड सापडली तर रॅम्प मागच्या रस्त्याला न्या. मागच्या रस्त्याला, म्हणजे आज तुझं हॉटेल आहे तिथे. हे मला कालपरवा उमगलं, तुला तेव्हाच ठाऊक होतं. महापालिकेचे साहेब म्हणाले, जागा दाखवा, खणून बघू. आपल्या जन्माआधीपासून रहाड उघडली नव्हती. रस्ता वर आला, अण्णा म्हणत राहिले ‘पुढच्या वर्षी’, आणि गेले. जागा नक्की ठाऊक असलेला एकटा तू.

तू अंघोळ करून आलास, सोवळं नेसलास, आणि नारळ ठेवलास तो पिंपळाच्या बाजूला. तानुबाई पुढे झाली. म्हणाली, “आरं किसोर, हितं न्हाय रं. माझ्या पायरीम्होरं हाय. म्या नवी नवरी व्हते तव्हा धप्पा मारलाय तिथं.”

आणि मी तिला काय म्हणाले? “मावशी, मानकऱ्याला शिकवू नका.” सगळ्यांसमोर. म्हातारी मागे सरली, कारण रीतच तशी. त्या रीतीचा असा उपयोग करता येतो, हे गल्लीत दुसऱ्या कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नसतं.

खणलं. पिवळी माती आणि गटाराचा पाइप. साहेब हसले. पोरंटोरंसुद्धा हसली. फुलारी गल्लीची रहाड म्हणजे थाप, असं सगळ्या पंचवटीत झालं. पुढच्या पाडव्याआधी तानुबाईचं घर पडलं. ती एकलहऱ्याला भाच्याच्या खोलीत राहते. चार पायऱ्या चढून जावं लागतं म्हणून बाहेरच पडत नाही.

त्या दुपारी तू माझ्याकडे जेवलास. घास घेताना रडलास. “ताई, मी अण्णांचं नाव घालवलं.” मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला, वर शिरा करून घातला. तो शिरा मला अजून सलतो. जागा चुकवलीस, हॉटेल घेतलंस, हे एक वेळ पचेल, माणसाला पैशाची भूल पडते. पण माझ्या पाटावर बसून खोटं रडलास! खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पाहिले होते, तू तर वासे मोजता मोजता माझ्याकडून डोळे पुसून घेतलेस.

मला तुझा राग आलाय. फार आलाय.

आणखी एक. तू चौदा वर्षांचा असताना अण्णा तुला जागा दाखवायला घेऊन गेले, तेव्हा मी पण मागे आले होते. त्यांनी मला घरात पाठवलं. म्हणाले, “पोरगी सासरी जाती. जागा तिच्याबरोबर जाईल.” मी निमूट आत गेले, भाकरी थापल्या. सासरहून चार वर्षांत परत आले, ती आजपर्यंत याच गल्लीत आहे. जागा घेऊन गेलास तू.

आता ऐक. रविवारी रंगपंचमी. सोमवारी रॅम्पचं काँक्रीट पडणार, असं चंदर सांगतो. एकदा ते पडलं की रहाड गेली, कायमची. आम्ही रविवारी सकाळीच उघडतोय. महापालिकेच्या साहेबांना कळवलंय, तेच, हसले होते ते. पळसाची फुलं सायखेड्याहून आली आहेत, कढई घासून ठेवलीय. तानुबाईला आणायला भाच्याला रिक्षा करून दिलीय. या वेळी पहिला धप्पा तिचा. नको म्हणाली तर नुसते पाय बुडवेल.

मान अजून तुझा आहे. मी तो हिसकावणार नाही. सूर्य वर यायच्या आत पायरीपाशी ये, तुझ्या हाताने नारळ ठेव, आणि तीन वर्षांपूर्वी तो दुसरीकडे का ठेवलास ते तानुबाईला सांग. माइक नको. तिला ऐकू येईल एवढं बोललास तरी पुरे.

नाही आलास तर नारळ मी ठेवीन. गल्ली काय म्हणेल, बाईने मान घेतला म्हणून कोण नाक मुरडेल, ते मी बघून घेईन.

न जेवता का गेलीस, विचारलंस ना? रविवारी रहाड उघडल्यावर गल्लीची पंगत माझ्या दुकानात आहे. आपल्या रीतीने पहिलं पान मानकऱ्याचं. ते मांडलेलं असेल. त्यावर तू बसशील की मी, ते तू ठरव.

मंजुषाला हे पत्र दाखवू नकोस. ओमला मात्र दाखव, तुझ्यानंतर मान त्याचा.

अण्णांची मुलगी,
छाया