मागावरून न उतरवलेला गालिचा

अल्लाहच्या नावाने. मी सालिहा बिन्त तय्यब, वय अडुसष्ट, शिक्षण मॅट्रिक, राहणार कैरवान, हे स्वतःच्या हाताने लिहिते. डॉक्टरांनी आशा सोडली आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचे दडपण नाही.

१. घर व शिल्लक शरियतच्या वाट्यांप्रमाणे मुलगा नौफेल व मुलगी दुर्साफ यांना जावी. तांब्याची पातेली शेजारीण मन्नानाला. सुनेला देऊ नयेत, ती जाळून ठेवते.

२. मागच्या खोलीतला माग, गालिच्यासह, दुर्साफचा. अकरा वर्षांपूर्वी तिने तो वेशीसमोर मांडला. पाटी लावली: वाटेल त्याने गाठ मारावी, वाटेल त्याने दुसऱ्याची गाठ कापावी. शेजारी दोरीला कात्री. माणूस मोकळा सोडला की काय करतो, हीच तिची कला. लोक बुजू नयेत म्हणून बारा दिवस ती फिरकणार नव्हती, राखण माझ्याकडे.

पहिल्याच दिवशी एका मास्तरांनी गाठींच्या तीन ओळी कापून उडवल्या. लोकर मी कातलेली. दुसऱ्या सकाळी मी कात्री पिशवीत टाकली.

एका पोराने विचारले, "खाला, कात्री कुठंय?"

"धार लावायला दिलीय. तू गाठ मार गुमान."

तेराव्या दिवशी कात्री परत दोरीला बांधली. दुर्साफ गळ्यात पडून रडली. "उम्मी, मोकळीक होती, तरी कुणी कापलं नाही गं!"

मी म्हटले, "बघितलं, बाई."

त्या भरवशावर तिने राजधानीत दुसरा माग मांडला. तिथे राखणीला मी नव्हते. दुपारपर्यंत चिंध्या झाल्या. आवरायला गेली तर बोटांवर कात्री चालली. ती बोटे आता मिटत नाहीत. कापडाच्या दुकानात बसते. "आपलं गाव तेवढं वेगळं, उम्मी," एवढ्यावर जगते.

३. गालिचा उतरवताना वडीलधाऱ्या बाईने पाणी शिंपडून, मरणाऱ्यापाशी म्हणतात तो कलमा म्हणून दोरे कापायचे असतात. दुर्साफ दरवर्षी म्हणते, "उतरव ना." त्या खोट्यावर मी कलमा कसा म्हणू? तो गालिचा माझ्या जनाज्यावर घालू नये.

४. कात्री कुसकुसच्या रव्याच्या बरणीत तळाशी आहे. ती दुर्साफला. वारसाला वेगळे काही द्यायचे तर दुसऱ्या वारसाची संमती लागते. नौफेलने सही केली. "एका कात्रीसाठी एवढं कागदपत्र, उम्मी?" म्हणून हसला. वरचे त्याने वाचले नाही.

तोंडाने सांगायचा धीर झाला नाही. हे वाचल्यावर तिच्यापाशी काही उरणार नाही, हे मला कळते. गालिचा उतरवायचा की गाठ न् गाठ कापायची, ते तिने ठरवावे. कोणी आड येऊ नये. मन्नाना, तूसुद्धा.

सही: सालिहा बिन्त तय्यब
संमती: नौफेल
साक्षीदार: मन्नाना बिन्त सालिम, शेजारीण; हम्मादी, किराणा दुकानदार
कैरवान, ५ नोव्हेंबर २०२३