इन्व्हर्टरच्या प्रश्नाला लावलेलं कुलूप

भूगाव, १२ मे २००८, संध्याकाळ

रिहे गावच्या, लग्नपत्रिका करून देणाऱ्या त्या बाईंचं उत्तर आलं. कालपासूनची टोचणी गेली.

काल आमच्या इंटरनेटवरच्या संगणक मदत मंचावर त्यांनी विचारलं होतं: लाईट गेली की इन्व्हर्टर लागतो, पण तेवढ्यात संगणक बंद पडतो आणि अर्धी केलेली लग्नपत्रिका जाते. गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे निघालंय. मी प्रश्नाला कुलूप लावलं, म्हणजे कुणाला उत्तर देता येणार नाही असा बंद केला. इन्व्हर्टर हे विजेचं उपकरण, इथे फक्त संगणकाचे प्रश्न. नियम मीच केलेला. बरोबर होता ना? मग झोप का लागली नाही?

सकाळी घरमालक तात्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बंद काय पडतंय तिचं?"

"संगणक."

"मग सर, तिनं काय वायरमनला इचारायचं व्हय? त्यो म्हननार, दिवे तर लागत्यात."

खरंच, दोन्हीकडून बाई बाहेरच. कुलूप काढलं, माफी मागितली आणि इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’कडे सरकवून बघायला सांगितलं; तसं केलं की लाईट गेल्यावर तो इतक्या झटकन लागतो की संगणकाला कळतही नाही.

आता त्यांनी लिहिलंय की दुपारी लाईट गेली, पण पत्रिका पडद्यावरच राहिली. गिऱ्हाईकही थांबलं. हुश्श.

तर यापुढे, काम संगणकावर अडलं असेल तर प्रश्न आपला. पण मग सगळंच येईल की काय? आत्ताच एकाने विचारलंय, मिक्सर लावला की पडदा थरथरतो. हात कुलपाकडे गेलाच होता. पडदा संगणकाचा की टीव्हीचा, एवढं विचारून ठेवलंय.