मध्यंतरानंतरचा सिनेमा

गुरुवार, तारीख नऊ

चि. काटक्यास आजीचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्या बापाच्या लग्नापासून कुरकुरतायत, त्यात बातमी काही नाही. तुझी आई बरी आहे. मांजरीने तुझ्या कपाटात पिल्लं घातलीत, हाकलायला गेलं तर माझ्यावरच गुरकावते. समोरच्या शिंप्याचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता सरळ शिवतो, त्यामुळे इतकी वर्षं वाकडं शिवत होता हे सगळ्यांना कळलं.

सुनावणीला बाबा येतील का, असं तू विचारलंयस. वाचलं मी. जरा दम धर.

बापाच्या थेटरात मागच्या आठवड्यात एक लढाईचा सिनेमा लागला होता. जुना. नवा यायचा तो आला नाही, म्हणून मालकाने हा आणून लावला. ना गाणं ना नाच, माणसं चिखलात बसून एकमेकांची तोंडं बघतात. कुत्रं फिरकलं नाही. जी चार टाळकी यायची ती मध्यंतरात उठून जायची. मग तुझा बाप मशीनखोलीच्या झरोक्यातून खाली बघायचा, खुर्च्या रिकाम्या दिसल्या की मशीन बंद करायचा आणि जेवणाचा डबा उघडायचा. तिथली रीतच आहे ती, रिकाम्या खुर्च्यांना कोण सिनेमा दाखवतो. म्हणजे पुढचा अर्धा सिनेमा गावात कोणी पाहिलाच नाही. लावणाऱ्यानेही नाही.

शिंपी अर्धा बघून आला आणि मला सांगायला लागला, की त्यात एक शिपाई हुकूम मानत नाही. समोर गावातली साधी माणसं उभी केलेली असतात, बायकापोरं, आणि तो बंदूक खाली ठेवतो. मी म्हटलं, मग पुढे? म्हणाला, पुढे मध्यंतर झालं, मी घरी आलो.

तुझ्या बापाने घरात याचं अक्षर काढलं नव्हतं. तुझ्याबद्दल तरी कुठे काढतो. तू कोठडीत आहेस हे पोरासोरांना माहीत आहे, तरी कोणी विचारलं की बदली झालीय म्हणतो. हुकूम मोडणारा माझ्याच पोटी यायचा होता, असं एकदा तुझ्या आईला म्हणाला. त्यानंतर तेही नाही.

तर मी दुपारच्या खेळाला गेले. रीतसर तिकीट काढून. लांबचं दिसत नाही म्हणून अगदी पुढे बसले. मध्यंतरात मागचे दोघं गेले, आणि पडदा काळा तो काळाच. माझी उंची ती केवढी, खुर्चीच्या पाठीवर डोकंसुद्धा आलं नसेल. त्याला वाटलं हॉल रिकामा. मी अंधारातून हाक मारली, ‘‘अरे, माणूस बसलंय इथे.’’

बॅटरी घेऊन खाली आला. मला बघून तोंडातला घास गिळायचा विसरला. घरी चल म्हणाला. मी म्हटलं तिकीट घेतलंय, पुढचं दाखव. तर म्हणे पुढे काही नाही. तुला काय माहीत, म्हटलं, तू पाहिलंयस?

वर जाऊन मशीन लावून आला आणि माझ्याजवळ एक खुर्ची सोडून बसला.

त्या शिपायाला एका शाळेच्या खोलीत कोंडतात. पहाऱ्याला कोण, तर त्याचाच दोस्त, ज्याने हुकूम मानून गोळी झाडलेली. तो पाणी आणून ठेवतो, पण वर बघत नाही. कोंडलेला झोपतो, पहारेवाल्याचा डोळा लागत नाही. मग चौकशी. साहेब वाईट नसतात, तेच वाईट. नीट विचारतात, नीट लिहून घेतात, आणि त्याला घेऊन जातात. संपलं.

पडदा कोरा झाला तरी तुझा बाप उठेना. म्हणाला, ‘‘त्याच्या घरचं कोणी दाखवलंच नाही.’’

मी म्हटलं, ‘‘आलं नसेल कोणी.’’

रडला बिडला नाही, उगाच मनात आणू नकोस. वर जाऊन मशीनवर फडकं टाकलं आणि मला धरून घरी आणलं. वाटेत माझ्या चपलेबद्दल बोलला, अंगठा उसवलाय म्हणून. दुसऱ्या दिवशी मालकाकडे गेला आणि तिकीटवाल्यादेखत रजा मागितली. मुलाची सुनावणी आहे म्हणाला.

तू केलंस ते त्याला पटलेलं नाही, अजूनही नाही. ते मी सांगून पटायचं नाही. माझं विचारशील, तर तू गोळी झाडून आला असतास तरी मी तुला जेवायला वाढलं असतं. पण तुझ्या तोंडाकडे बघितलं नसतं. एवढंच कळतं मला, बाकी शिकलेल्यांनी ठरवावं.

तो आला म्हणजे गळ्यात पडेल असं समजू नकोस. मागे कुठेतरी बसेल, बोलणारही नाही. तू एकदा वळून बघ. आणि तुला काय विचारतील त्याचं उत्तर त्याच्याकडे न बघता दे, जे झालं ते. त्याला बरं वाटावं म्हणून एक शब्द बदलू नकोस. एवढ्या लांब तो खोटं ऐकायला येत नाहीये.

मी येत नाही. मी आले तर तो मलाच सांभाळत बसेल.

तुझ्या बापाची आई