मावशीचं दूध

खोपट, ठाणे
१२ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. शेवंतीस,
अ. उ. आ.

इकडे सगळे मजेत, मी सोडून. कालच्या बारशापासून धुमसते आहे. कान्हा रडून लाल झालेला, तू वाटी-चमचा घेऊन बसलेली, म्हणून मी त्याला अंगावर घेतलं. सख्खी मावशी ना मी? आणि तू साऱ्या बायकांसमोर त्याला माझ्याकडून ओढून घेतलंस!

माहेरीही चांगलं ते आधी तुझ्याच ताटात. सातव्या महिन्यात तुला मलेरिया झाला तर आई महिनाभर डोंबिवलीत ठाण मांडून. माझ्या मंजुळाच्या वेळी चार दिवसांत कंटाळली. मला मुलगी, तुला मुलगा. जळते मी, लपवत नाही. पण अंगावर दूध असताना डब्याची पावडर? फिगर सांभाळतेस की काय? तुझ्या सासूबाईही मला कोपऱ्यात घेऊन हेच विचारत होत्या.

रागावले तरी माझा लोभ आहे, तुझाही असू दे.

तुझी,
हेमाताई


डोंबिवली
१६ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून फाडून टाक, भावजींनाही दाखवू नकोस. ऑगस्टमध्ये ताप उतरेना, तेव्हा मलेरिया निघाला एवढंच तुम्हाला माहीत आहे. त्याच वेळी रक्तात एचआयव्हीही निघाला. मग यांचं तपासलं, तेच. कान्हाला लागलाय का, ते तो दीड वर्षाचा होईपर्यंत नक्की कळणार नाही. माझ्या दुधातून त्याला जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी डबा सांगितला. दूध येतं गं, ताई. पदर भिजतो. तो वासाने तोंड माझ्याकडे वळवतो आणि मी चमचा पुढे करते.

तुझ्या अंगावर तो लगेच गप्प झाला. त्याला लागलेला असला तर त्याच्यापासून तुला काही होईल अशी भीती वाटली, पण खोटं कशाला सांगू, हेवाच जास्त वाटला. डोळे मिटून पीत होता, आणि मी बघत उभी.

सासूबाई रोज मागे लागतात, पाज म्हणून. एखाद्या दिवशी थकून मी पाजेन याची धास्ती वाटते. तू चार दिवस राहायला ये. मलेरियाच्या औषधांनी दूध बाधतं असं त्यांना ठासून सांग, तुझं ऐकतील. मंजुळाला घेऊनच ये. फक्त तिला पाजताना आतल्या खोलीत जा आणि दार लावून घे.

लोभ कमी करू नकोस.

तुझी,
शेवंती