मेलवाला राऊत

सोम. ३ नोव्हें.
सासऱ्यांना, म्हणजे पप्पांना, बँकेचा मेल. केवायसी केली नाही तर आजच खातं बंद. म्हटलं, हात लावू नका, ऑफिसातून आले की बघते. 'हं' म्हणाले. त्यांचं 'हं' म्हणजे नाही.

मंगळ. ४
व्हायचं तेच झालं. मेलखालच्या नंबरावर पप्पांनीच फोन लावला. कारण सही होती 'राऊत', आणि आम्हीही राऊत. आमच्या वटार गावात दगड भिरकावला तर राऊतालाच लागेल. "कोनाचा रे तू?" विचारलं. तो म्हणाला, "काका, तुमच्याच आळीतला." झाली खात्री. गावात माणूस असाच तर पारखतात. लिंक उघडली, ओटीपी सांगितला, वर "घरी ये, चाफा घेऊन जा" हेही. खातं साफ. सासूबाईंच्या, म्हणजे मम्मींच्या, गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे.
मेल पाहिला. चिन्ह हुबेहूब. पत्त्यात मात्र बँकेच्या नावाला भलतंच शेपूट. वर 'प्रिय ग्राहक'. शाखेत शिपाईसुद्धा पप्पांना नावाने हाक मारतो, एवढं तरी...
हेल्पलाइनला कळवलं, शाखेत लेखी दिलं. काही रक्कम वाटेत अडवता येईल म्हणाले. 'येईल'.

गुरु. ६
पप्पा बागेत गेले नाहीत. तोडायचा चाफा झाडावरच फुलून गेला. जेवणही नाही. मम्मी म्हणतात, "गुडघा काय, दुखतोच हाय. यांना दोन घास खायला सांग." सांगितलं. तर विचारतात, "तो खरंच राऊत नसंल का गं?"
ओरडले त्यांच्यावर. नको होतं ओरडायला. दिवसभर कशात लक्ष नाही.

शनि. ८
पुन्हा मेल, बँकेचा. रक्कम अडवली आहे, परत हवी तर उद्यापर्यंत लिंकवर फॉर्म भरा. पत्ता अक्षर-अक्षर लावून पाहिला. बरोबर आहे. बरोबर दिसतोय. पण घाई तीच, लिंकही तशीच. आज दुसरा शनिवार, उद्या रविवार. शाखा बंद. बँकेच्या फोनवर नुसतं संगीत. चार वेळा उठले, चार वेळा बसले.
पप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले. सोमवारनंतर पहिल्यांदाच.
"कोनाचा हाय?"
"माहीत नाही, पप्पा."
"मग सोमवारी शाखेत जाऊन तोंड बघू."
"मुदत उद्याची आहे."
मोबाइल दोघांच्या मध्ये. आतून मम्मी विचारतायत, काय ठरलं.